मदत हवी आहे: इंटरप्रिटिव्हिस्ट म्हणायचं आणि कप्पा (दोन कोडर किती जुळतात त्याचा आकडा) पण मोजायचा, चालतं का?

नमस्कार, एमपीएचचं (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) शेवटचं वर्ष आहे आणि थिसिसमधली मेथडॉलॉजी गळ्याशी आलीय म्हणून इथे विचारतेय. आशाताईंच्या कामाच्या ताणावर 14 मुलाखती घेतल्या, सगळ्या मराठीत, टाइप करता करता मान मोडली. पॅराडाइम (संशोधनामागची भूमिका) इंटरप्रिटिव्हिस्ट लिहिलाय, म्हणजे अनुभवाचा अर्थ सांगणारी आणि ऐकणारी मिळून लावतात वगैरे, आणि ॲनालिसिस ब्राउन-क्लार्कचं थीमॅटिक, म्हणजे मुलाखतींतून समान सूत्रं (थीम) शोधायची. पण गाईड सर एपिडेमिऑलॉजीचे, आकडा दिसल्याशिवाय त्यांना चैन नाही, म्हणून मैत्रिणीला बसवून दोघींनी वेगवेगळं कोडिंग केलं (मजकुराच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं लावली), कप्पा 0.71 आला, सर खूष. प्रेझेंटेशनला बाहेरून आलेल्या मॅडम म्हणाल्या, अर्थ सांगणारी आणि ऐकणारी मिळून लावतात ना, मग दोन कोडर जुळले म्हणजे ते बरोबर हे कुठून आलं? माझी बोलती बंद.

दुसरं, रिव्ह्यूमधल्या 18 पेपरना कास्पच्या (गुणात्मक अभ्यासाचा दर्जा तपासायची चेकलिस्ट) 10 प्रश्नांवर मार्क दिले आणि सातच्या खालचे उडवले. त्यात एक फिनॉमेनॉलॉजीचा (माणसाचा जगलेला अनुभव समजून घेणारा) पेपर गेला जो खरं तर सगळ्यात जास्त काही सांगत होता, फक्त सॅम्पल कसं निवडलं, एथिक्स, असलं काही धड लिहिलेलं नव्हतं. जीव हळहळतोय. परत घेऊ का?

प्रतिसाद: घ्या की परत. कास्पवाले स्वतःच स्कोअर काढा असं म्हणत नाहीत, प्रश्न विचार करायला आहेत. आणि न लिहिणं वेगळं, न करणं वेगळं, जर्नलच्या शब्दमर्यादेत अर्धी पद्धत कापली जाते. काय लिहिलंय ते तपासायचं तर 32 मुद्द्यांची कोरेक नावाची यादी आहे, पण तीसुद्धा अभ्यास चांगला की वाईट ते सांगत नाही. कप्पाचं म्हणाल तर तो वाईट नाही, चुकीच्या घरात आलाय. आधी कोडबुक (लेबलांची यादी) ठरवून दोघांनी लावायचं हा पोस्ट-पॉझिटिव्हिस्ट विचार, म्हणजे सत्य बाहेर आहे आणि जमेल तितकं वस्तुनिष्ठपणे मोजायचं. ब्राउन-क्लार्कचा 2006 चा पेपर सगळे टाकतात, पुढे त्यांनीच पद्धतीला रिफ्लेक्सिव्ह (संशोधकाची स्वतःची नजरही अर्थ लावण्याचा भाग धरणारी) नाव दिलं आणि कप्पा यात बसत नाही असं स्पष्ट लिहिलं ते कोणी वाचत नाही. एकतर पॅराडाइम बदला नाहीतर कप्पा वगळा. सरांना लिंकन-गुबाचे 1985 चे गुणात्मक अभ्यासाच्या विश्वासार्हतेचे चार निकष दाखवा, व्हॅलिडिटी-रिलायबिलिटीला समांतर मांडलेत, त्यांना घरच्यासारखं वाटेल. मैत्रिणीचं कोडिंग फुकट नाही जात, कुठे जुळलं नाही आणि का, ते लिहा.

धागाकर्ती: खूप आभार! कप्पा वगळते, सरांना सांगायचं कसं ते बघते. एक राहिलंच, मेंबर चेकिंगला (निष्कर्ष मुलाखत दिलेल्यांनाच दाखवून विचारायचं) थीम वाचून दाखवल्या तर एक ताई म्हणाल्या "मी असं बोललेच नव्हते", आणि रेकॉर्डिंगमध्ये चक्क आहे. मला वाटतं त्या दिवशी सुपरवायझर शेजारीच बसल्या होत्या म्हणून. मग ही चूक धरायची की हाही डेटाच?