मदत हवी आहे: वेबमेलवर रात्रभर पासवर्डचा मारा, फेलटूबॅन कोणालेच अडवत नाही

वणीकर
राम राम मंडळी. आमच्या शेतकरी कंपनीचा मेल सर्व्हर आम्हीच चालवतो. रात्रभर कोणीतरी पासवर्ड मारून पाहते, लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदीत) नुस्त्या फेल लॉगिनच्या ओळी. फेलटूबॅन (लॉग वाचून असे आयपी अडवणारा प्रोग्राम) चालू हाय, डव्हकॉटचं (मेलपेट्या सांभाळणारा प्रोग्राम) जेल, म्हणजे त्याच्यासाठीचा बॅनचा नियम, चालू दाखवते, तरी एकबी आयपी बंद होत नाही. जिनिंगची बिलं, सभासदांचे बँक खाते नंबर सगळं त्याच मेलवर हाय, कोणी घुसलं तर लोकाइच्या पैशाचा प्रश्न हाय. लवकर सांगा.

दारव्हा_लिनक्स
भाऊ, वेबमेल कोणतं? व्हर्जन? समोर प्रॉक्सी (मधातला सर्व्हर) हाय का? लॉगची एक ओळ तरी टाका, अशानं काय सांगाव.

पप्पू_अमरावती
काऊन एवढी कटकट करता, गूगल वर्कस्पेस घ्या न मोकळे व्हा.

वणीकर
दर खात्यामागे महिन्याले पैसे द्या लागते, सभासद कुठून देईन? वेबमेल राउंडक्यूब १.६.१० हाय, एकाच मशीनवर समोर प्रॉक्सी म्हणून एनजिनएक्स, मागं वेबसर्व्हर अपाची. डव्हकॉटच्या ओळीत आयपी १२७.०.०.१, म्हणजे मशीनचा स्वतःचाच, दिसते.

दारव्हा_लिनक्स
तिथंच गोम हाय. डव्हकॉटशी बोलते राउंडक्यूब, म्हणून त्याले वाटते लॉगिन घरातूनच आलं, अन् फेलटूबॅन स्वतःच्या मशीनले बॅन करत नाही. राउंडक्यूबच्या एरर लॉगवर जेल लावा, त्याच्यातली चुकीच्या लॉगिनची ओळ ओळखणारं राउंडक्यूब-ऑथ फिल्टर फेलटूबॅनसंगच येते. पण सगळ्यात आधी अपडेट मारा. जून २०२५ मध्ये १.६.११ आलं ते याच्याचसाठी, त्याच्या आधीच्यात एक पासवर्ड जरी सापडला तरी लॉगिन करून सर्व्हरवर आपला कोड चालवता येते. आजच करा, उद्यावर ढकलू नका.

मेळघाट_नेट
एसपीएफ, डीकिम (मेल खरंच आपल्याकडूनच गेला हे दाखवणाऱ्या नोंदी) लावलं का? माझे मेल स्पॅममध्ये जायचे.

दारव्हा_लिनक्स
ते इथं कोणी इचारलं नाही दादा.

चिखली९
टूएफए (पासवर्डसंग दुसरा कोड) लावा, विषय संपला.

सेलू_वर्धा
नाही संपत. टूएफए फक्त वेबमेलच्या पानावर राहते, ९९३ पोर्टवर आयमॅप (मेल अॅपचा रस्ता) उघडं असन तर तोच पासवर्ड तिकडून चालते. मी सगळं वायरगार्ड व्हीपीएनच्या मागं टाकलं, बाहेरून काहीच दिसत नाही.

चिखली९
अन् सत्तरीतल्या काकाच्या मोबाइलवर वायरगार्ड कोण टाकून देईन? तुमच्या घरी तुम्ही एकटेच वापरत असान.

सेलू_वर्धा
ऑफिसातली दोन-चार पोरं वापरतात, त्याइले शिकवलं. जमते, बसावं लागते थोडं.

पप्पू_अमरावती
वणीले कापूस काय भाव चालू हाय सध्या?

वणीकर
पप्पूभाऊ, भाव दुसऱ्या धाग्यावर. अपडेट झालं. जेल लावलं, पण राउंडक्यूबच्या लॉगमध्येबी आयपी १२७.०.०.१च येते, कंसात फॉरवर्डेड-फॉर (प्रॉक्सीनं हेडरमध्ये पुढं धाडलेला पत्ता) म्हणून खरा दिसते. आता?

दारव्हा_लिनक्स
अपाचीचं रिमोटआयपी मॉड्यूल चालू करा, त्याले फॉरवर्डेड-फॉर हेडर वाचाले सांगा, अन् भरवशाच्या प्रॉक्सीच्या यादीत १२७.०.०.१ टाका, मंग खरा आयपी पुढं येईन. दुसरा कोणताच पत्ता त्यात नको, नाहीतर कोणीबी खोटा हेडर धाडून भलत्यालेच बॅन करवीन. अन् बॅन १० मिनिटाचाच ठेवा, मोबाइल नेटवर एका आयपीमागं लय लोक असतात, एकाचा पासवर्ड चुकला की गावच बंद. फेलटूबॅन-रीजेक्स (फिल्टर लॉगशी जुळते का ते तपासणारी कमांड) चालवून किती ओळी जुळल्या ते इथं टाका.

वणीकर
लाईट गेली, राउटर बंद पडला. आली की टाकतो.