ऑफिसातल्या ध्यानाच्या ॲपने नक्की कोणाचं डोकं शांत होतं?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

आमच्या कंपनीने सगळ्यांना फोनवर ध्यानाचं एक ॲप घ्यायला लावलं. एका रात्री पावणेदहाला फोन दोनदा वाजला. आधी साहेबांचा मेसेज: 'शीट सकाळी नऊच्या आत हवी.' पाठोपाठ ॲप: 'आज तुम्ही दीर्घ श्वास घेतलात का?' घेतला ना. दुसरं काय घेणार, सुट्टी?

आता रडगाणं बाजूला ठेवतो. ब्रिटनमध्ये विल्यम फ्लेमिंग या संशोधकाने २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. निबंध २०२४ मध्ये छापून आला. ॲप वापरणारे, ताणतणावाच्या सत्रांना बसणारे आणि यातलं काहीच न करणारे, यांच्या मनःस्वास्थ्यात सांगण्यासारखा फरक नाही. अपवाद फक्त स्वयंसेवेची संधी मिळालेल्यांचा.

आणि दुखणं कुठे आहे हे १९७९ पासून माहीत आहे. रॉबर्ट कारासेक या संशोधकाने तेव्हाच मांडलं होतं की नुसत्या बोज्याने माणूस मोडत नाही. बोजा भरपूर आणि काम कसं, कधी, कुठल्या क्रमाने करायचं हे ठरवायची मुभा नाही, ही जोडी मोडते. तेव्हा कामाची घडी बदला, नाहीतर निदान ॲपचे पैसे तरी वाचवा.

आकडेमोड्या

असहमत. फ्लेमिंगचा अभ्यास म्हणजे एका क्षणाचा फोटो. सत्राला कोण जाणार? ज्याचं डोकं आधीच फुटायला आलंय तोच. दवाखान्यात आजारी माणसं जास्त दिसतात म्हणून दवाखान्याने आजार होतो म्हणायचं का?

चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग बघा. रिचर्डसन आणि रॉथस्टीन यांनी २००८ मध्ये असे ३६ अभ्यास एकत्र तपासले. सगळ्यात जास्त फरक विचारांच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणाने, म्हणजे सीबीटीने पडला. संस्थेच्या पातळीवरच्या बदलांचा परिणाम फारसा दिसला नाही. 'घडी बदला' हे ऐकायला गोड आहे, पण पुरावा द्या की राव.

बोरूबहाद्दर

चिठ्ठ्याच हव्यात तर अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचा प्रयोग घ्या, निबंध २०१९ चा. जवळपास पाच हजार कर्मचारी, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला आरोग्य योजना खुली, दुसऱ्याला बंद. दवाखान्याचा खर्च, रजा, कशातच ठोस फरक नाही. गंमत पुढे आहे. नाव नोंदवणारे आणि न नोंदवणारे यांची साधी तुलना केली की योजना एकदम रामबाण दिसते, कारण मुळात धडधाकट असलेलेच नाव नोंदवत होते. म्हणजे तुमच्या दवाखान्याच्या बरोबर उलट!

आकडेमोड्या

तो प्रयोग मुख्यतः शरीराच्या आरोग्याचा आणि खर्चाचा. विषय मनाचा चाललाय. निवड दोन्ही दिशांनी होऊ शकते हे मात्र मान्य.

सरळसोट

हल्ली सोमवारचा कंटाळा आला तरी लोक 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आजार म्हणून नाहीच. आणि कामाला शिव्या घालणाऱ्यांनी मारिएनथाल वाचावं. ऑस्ट्रियातल्या या गावची गिरणी बंद पडली, गाव रिकामं बसलं. मारी याहोडा ही संशोधक आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९३१-३२ मध्ये तिथे जाऊन पाहिलं. हातात वेळच वेळ, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. रस्त्यावर पुरुषांची चाल मंदावली, चालता चालता उगाच थांबायला लागले. माणसाला काम नसणं खातं, काम नव्हे.

एचआरवाली

@सरळसोट, यादीचं अर्धंच वाचलंत. आजार म्हणून नाही, पण 'कामाशी निगडित अवस्था' म्हणून नोंद आहे. कामावरचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने येणारी, असं स्पष्ट लिहिलंय. खूणही एक नाही, तीन: थकून रिकामं होणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. कंटाळा त्यात बसत नाही.

मूळ धाग्याबद्दल: ॲप मीच आणलं होतं (तुमच्या नव्हे, आमच्या कंपनीत). एक सही लागली. टीमची टार्गेटं कमी करायची म्हटली असती तर सहा जणांच्या सह्या आणि वर एक मीटिंग, ज्यात मलाच विचारलं असतं की तुम्ही कोणाच्या बाजूने आहात. ॲप सोपं म्हणून येतं, चांगलं म्हणून नाही.

रात्रपाळी

मी नर्स. आमच्या वॉर्डात ड्युटी लिस्ट पेन्सिलीने लिहिलेली असायची, बाजूला खोडरबर दोऱ्याने बांधलेला. कोणाला ऑफ बदलून हवा असला की दोघी आपसात ठरवायच्या, खोडून नाव घालायच्या, इन्चार्ज सिस्टर सही करायच्या. मग सॉफ्टवेअर आलं. नाइट तेवढ्याच, तास तेवढेच, पगारही तोच. फक्त बदल हवा तर अर्ज आणि तीन दिवस वाट. त्या वर्षी आम्ही एकमेकींवर जेवढ्या खेकसलो तेवढ्या आधी कधीच नाही. कारासेक आज पहिल्यांदा ऐकला, पण खोडरबर आठवला.

तरी आकडेमोड्यांशीही भांडणार नाही. त्याच वर्षी मी समुपदेशकाकडे सहा वेळा गेले. झोप परत आली. लिस्ट बदलेपर्यंत थांबले असते तर अजून जागीच असते.

बोरूबहाद्दर

+१. लंडनच्या सरकारी नोकरांवर मायकेल मार्मट यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासातही हेच आलं. दहा हजारांवर माणसं, वर्षानुवर्षं पाठपुरावा. कामावर ताबा कमी असलेल्यांत हृदयविकार जास्त. खोडरबर थेट हृदयापर्यंत जातो!

आकडेमोड्या

पुन्हा पाहणी, प्रयोग नव्हे. ताबा कमी असणारे बहुतेक खालच्या हुद्द्यावरचे, तो गुंता पुरता सुटत नाही. @रात्रपाळी, खोचकपणे नाही, खरंच विचारतो: पेन्सिलीच्या काळात आजारपणाच्या रजा कमी होत्या का? आकडा असेल तर मी माझं मत बदलेन.

सरळसोट

हे बदलणार नाहीत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रात्रपाळी

आकडा नाही. जुनी रजिस्टरं वॉर्डातल्या कपाटात असावीत, कोणी रद्दीत दिली नसतील तर. उद्या नाइट आहे, बघते.