मदत हवी आहे: अकरावीला चार एपी घ्यावेत की दोनच?

नमस्कार मंडळी,

आम्ही बे एरियात राहतो. लेक दहावीत आहे आणि पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचाय. बाईसाहेबांना एपी (म्हणजे शाळेतच शिकवतात ते कॉलेजच्या पातळीचे विषय) केमिस्ट्री, कॅल्क्युलस, यूएस हिस्टरी आणि इंग्लिश, चारही हवेत, कारण मैत्रिणी घेतायत. सध्या ऑनर्स (साध्यापेक्षा वरच्या पातळीच्या) केमिस्ट्रीत बी ग्रेड मिळतोय, तोही रात्री साडेअकरापर्यंत लॅब रिपोर्ट लिहीत बसून.

यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा) प्रवेशाचा हिशोब मी वाचलाय. जीपीएला (ग्रेडच्या सरासरीला) दहावी-अकरावीचे ग्रेड धरतात. एपीत सी किंवा वर असेल तर एक पॉइंट जादा, पण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना. म्हणजे एपीतला बी आणि साध्या वर्गातला ए आकड्यात सारखेच. शाळेचा ऑनर्स वर्ग यूसीच्या यादीत नसेल तर त्याला जादा पॉइंट नाही, हे तर मला परवा कळलं! एसएटी ही प्रवेशपरीक्षा ते बघतच नाहीत, त्यामुळे सगळा भार ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर). (आपल्या वेळी बारावीचे टक्के आणि सीईटी, विषय संपला.)

तिला बायोलॉजीकडे जायचंय, म्हणून केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस ठेवून बाकीचे दोन साधे घ्यावेत असं मला वाटतं. पण शाळेत एपी असूनही घेतले नाहीत, हे अर्ज वाचणाऱ्यांना खटकतं का? काउन्सेलर म्हणतात, ‘झेपेल ते घ्या.’ आता यातून काय समजायचं?

ज्यांची मुलं नुकतीच यूसीत लागलीत, त्यांनी अकरावीला काय घेतलं होतं? एखादा बी आला होता का? प्लीज सांगा.