'विथड्रॉवल'ला मराठीत काय म्हणावं? अफू, गर्द आणि उपचारांचे शब्द

शब्दखूण
नमस्कार. अफू-गर्दच्या व्यसनावरचं एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. एका पुस्तिकेत 'विथड्रॉवल सिम्प्टम्स'ला 'माघारीची लक्षणे' म्हटलेलं सापडलं. पत्रक वाचणार रुग्णांचे आईवडील, बायको, भाऊ. त्यांना यातून काय कळणार? शिवाय 'डिपेंडन्स' आणि 'अॅडिक्शन' दोन्हींना 'व्यसन' लिहिलं तर चालेल का? आणि 'सबस्टिट्यूशन थेरपी'चं काय करू?

नीरक्षीर
'माघार' नकोच. ज्यांना हा त्रास होतो ते सरळ 'टर्की' म्हणतात. 'टर्की लागली', 'टर्कीत आहे'. इंग्रजीत 'कोल्ड टर्की' म्हणजे नशा एका झटक्यात बंद करणं. आपल्याकडे अर्थ सरकला आणि त्रासालाच टर्की म्हणू लागले. 'गर्द' फारसीतला, अर्थ धूळ. ब्राऊन शुगरच्या, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनच्या पुडीला तो चपखल बसला. त्यावरून आलेला 'गर्दुल्ला' मात्र पत्रकात कुठेही येऊ देऊ नका. ती शिवी आहे, आणि तो वाचणाऱ्याचा मुलगा आहे.

रात्रपाळी
शब्दखूणताई, मी व्यसनमुक्ती विभागात परिचारिका आहे. पत्रकात 'नशा थांबवल्यावर होणारा त्रास' असं लिहा आणि पुढे तो त्रास सांगा. हेरॉइन बंद केल्यावर साधारण ८ ते १२ तासांत सुरू होतो. आधी जांभया, नाक-डोळे गळणं. मग अंगावर काटा, पिंडऱ्या वळणं, उलट्या-जुलाब, झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो, आठवड्याभरात शरीराचा त्रास बराच ओसरतो. ओढ मात्र कितीतरी महिने राहते. घरच्यांना सुरुवातीला सर्दी वाटते. एका आईने मुलाच्या छातीला बाम चोळून चोळून कातडी लाल केली होती. तिला कुणी आधी चार ओळी समजतील अशा दिल्या असत्या तर!

'डिपेंडन्स'ला 'व्यसन' अजिबात लिहू नका. कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन (अफूपासूनचं वेदनाशामक) चालू असलेल्या माणसाच्या शरीरालाही औषधाची सवय होते. अचानक बंद केलं तर त्यालाही त्रास होईल. पण तो औषधासाठी खोटं बोलत नाही, घरातली भांडी विकत नाही, नुकसान दिसत असूनही घेत राहत नाही. असं वागणं म्हणजे व्यसन. आमच्याकडे एक मुलगी वडिलांना गोळी देईना, 'बाबांना व्यसन लागेल' म्हणून. वडील रात्रभर उशी दातात धरून होते. म्हणून 'शरीराला सवय होणे' आणि 'व्यसन' असे दोन वेगळे शब्द ठेवा.

पाणवठा
थोडं मुळाकडे. 'अफू' अरबी 'अफ्यून'मार्गे ग्रीक 'ओपिऑन'शी जोडतात. अर्थ झाडाचा रस, चीक. कच्च्या बोंडाला चिरा मारून तो चीक गोळा करतात. खसखस त्याच बोंडातली. भारतात आजही मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पीक घेतात. कारखाने नीमच आणि गाझीपूरला. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. गिरणीत कामावर जाताना बाया तान्ह्या पोरांना अफू असलेली 'बाळगोळी' द्यायच्या, पोर झोपून राहावं म्हणून. तेव्हा हे सगळं आपल्याला परकं नाही.

चौकट
'सबस्टिट्यूशन'ला 'बदली नशा' का म्हणू नये? नशेऐवजी जी गोळी देतात ती अफूच्याच जातीची. मग 'व्यसनमुक्ती' कसली?

रात्रपाळी
दादा, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, म्हणून नीट सांगते. ती गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. ते मेंदूतल्या हेरॉइनच्याच जागा धरतं, पण अर्धवटच काम करतं. एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवली तरी परिणाम तेवढा वाढत नाही, त्यामुळे एकट्या या गोळीने श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉइनपेक्षा खूप कमी. एक गोळी दिवसभर पुरते. झिंग नाही, टर्की नाही. माणूस कामावर जातो. नॅकोच्या (सरकारी एड्स नियंत्रण संस्थेच्या) ओएसटी, म्हणजे याच सबस्टिट्यूशन उपचाराच्या केंद्रांवर ती कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली विरघळवतात. पहिली गोळी मात्र टर्की सुरू झाल्यावरच द्यायची, नाहीतर तीच गोळी टर्की आणते. काहींना ती वर्षानुवर्षे लागते. नुसतं शरीर साफ करून घरी पाठवलेले बरेच जण परत नशेकडे वळतात. गोळीवर टिकलेले जास्त जगतात. 'बदली नशा' वाचून सासू गोळ्या फेकून देते, हे मी पाहिलंय. 'ओढ थांबवणारा औषधोपचार' लिहा.

शब्दखूण
हाच घेते. आता 'टॉलरन्स'. कोशात 'सहनशीलता' आहे.

नीरक्षीर
'मुलाची सहनशीलता वाढते' हे वाचून आईला बरंच वाटेल हो! 'मात्रा अंगवळणी पडणे' कसं?

रात्रपाळी
चांगलं आहे. आणि त्याला जोडूनच हे ठळक अक्षरांत टाका: केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यावर अंगवळणी पडलेलं उतरलेलं असतं. जुनीच मात्रा घेतली तर जीव जातो. श्वास मंद, ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हाक मारून जाग नाही, असं दिसलं की १०८ ला फोन करा, कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका. नॅलॉक्सोनच्या इंजेक्शनने श्वास परत येतो, पण त्याचा अंमल उतरल्यावर पुन्हा मंदावू शकतो, म्हणून शुद्ध आली तरी दवाखान्यात न्याच. खाली व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ द्या, ती मोफत आहे.