'इंधन संपत आले आहे' ही आणीबाणीची घोषणा का ठरली नाही?

प्रश्न : २५ जानेवारी १९९० च्या रात्री बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्कला निघालेले आविआंका या कोलंबियन विमान कंपनीचे ५२ क्रमांकाचे उड्डाण, बोइंग ७०७, इंधन संपून लाँग आयलंडवरील कोव्ह नेक येथे कोसळले आणि १५८ पैकी ७३ जण दगावले. सहवैमानिकाने इंधन संपत आल्याचे रेडिओवर सांगितले होते. तरीही नियंत्रकांनी या विमानाला आधी का उतरवले नाही? दोष इंग्रजीच्या कच्चेपणाचा म्हणावा का?

उत्तर १ : इंग्रजीकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण त्या रात्री शब्द ऐकू आले होते, त्यांचे वजन मात्र पोहोचले नाही. हवामान खराब असल्याने या विमानाला तीन ठिकाणी मिळून ७७ मिनिटे घिरट्या घालाव्या लागल्या. शेवटच्या ठिकाणी सहवैमानिकाने 'प्रायॉरिटी' (अग्रक्रम) मागितली, आणखी पाचच मिनिटे थांबता येईल असे सांगितले, आणि पर्यायी विमानतळ बोस्टन होता, पण आता तिथवरही जाता येणार नाही, असे कळवले. यातले बोस्टनचे वाक्य सर्वांत मोलाचे होते आणि नेमके तेच पुढच्या नियंत्रकापर्यंत गेले नाही. 'इमर्जन्सी' किंवा 'मेडे' (आणीबाणीची ठरलेली हाक) हा शब्द त्याच्या कानी कधी पडलाच नाही. उतरायला आलेल्या प्रत्येकच विमानाचे इंधन ओसरत आलेले असते. त्यामुळे 'इंधन संपत आले आहे' एवढ्या वाक्याने नियंत्रक खडबडून जागा होत नाही.

उत्तर २ : मला खरी मेख कॉकपिटमध्ये दिसते. पहिला अप्रोच, म्हणजे उतरण्याचा प्रयत्न, फसल्यावर कॅप्टनने आणीबाणी असल्याचे कळवायला सांगितले. सहवैमानिकाने मात्र नियंत्रकाला 'पुन्हा प्रयत्न करतो, इंधन संपत आहे' एवढेच कळवले. सांगितलेस का, असे कॅप्टनने विचारताच त्याने 'होय, सर' असे उत्तर दिले, आणि त्याच्या लेखी ते खोटेही नसावे. पुढे नियंत्रकाने, ईशान्येला सुमारे पंधरा मैल नेऊन परत वळवतो, इंधनाच्या दृष्टीने चालेल ना, असे स्वतःहून विचारले. त्यावर उत्तर गेले, 'आय गेस सो, थँक यू व्हेरी मच' (चालेल बहुधा, फार आभारी आहे). साहेबापुढे आणि अनोळखी अधिकाऱ्यापुढे मान तुकवण्याची ही सवय आपल्यालाही परकी नाही.

उत्तर ३ : याच्या उलट प्रकार १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ घडला. फ्लाइंग टायगर या कंपनीच्या मालवाहू बोइंग ७४७ ला २४०० फुटांपर्यंत उतरण्याची सूचना 'डिसेंड टू फोर झीरो झीरो' अशी मिळाली. 'दोन' या अर्थाचा 'टू' हा 'पर्यंत' या अर्थाचा समजला गेला आणि वैमानिकांनी 'ओके, फोर झीरो झीरो', म्हणजे ४०० फूट, असे उत्तर दिले. ती चूक नियंत्रकाने त्याच क्षणी पकडायला हवी होती. विमान टेकडीवर आदळले, आतले चौघेही गेले. रीडबॅक, म्हणजे मिळालेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवणे, हा नुसता पोच देण्याचा उपचार नव्हे. ऐकणाऱ्यानेही तो कान देऊन तपासायचा असतो.

प्रश्नकर्ता : धन्यवाद. मग आज वैमानिकाने नेमके काय म्हणायचे?

उत्तर १ : त्यासाठी आता दोन ठरलेले शब्दप्रयोग आहेत. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आता याच विमानतळावर उतरायचे असून आणखी विलंब झाल्यास अंतिम राखीव साठ्याला हात लागू शकतो. ही अजून आणीबाणी नाही. उतरताना तो अंतिम साठा, म्हणजे जेट विमानासाठी ३० मिनिटांचे इंधन, शिल्लक राहणार नाही असे हिशेबात दिसले, की 'मेडे, मेडे, मेडे, फ्युएल' असेच म्हणावे लागते. 'प्रायॉरिटी' हा शब्द या दोन्हींत कुठेही नाही.