मदत हवी आहे: मुलाला कांजिण्या, नणंद गरोदर

डिचोलीला राहतो आम्ही. माझ्या सात वर्षांच्या मुलाला चार दिवसांपूर्वी कांजिण्या आल्या. शिगम्याला नणंद सावंतवाडीहून आली होती, तिला चौथा महिना. दोन रात्री तो आत्याच्याच कुशीत झोपला. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ घालताना त्याच्या पोटावर पहिला फोड दिसला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं नाही. सदरा वर करून टॉर्चने पाहिलं. कुठे नुसते लाल ठिपके, शेजारीच पाण्याने भरलेले टपोरे फोड, पाठीवर दोनतीन खपलीला आलेले. तिन्ही एकदम दिसले की कांजिण्याच, म्हणाले. फोड यायच्या एकदोन दिवस आधीपासूनच हवेतून लागण होते हेही सांगितलं, आणि माझ्या पोटात धस्स झालं.

नणंदेला लहानपणी येऊन गेल्या का? सासूबाई म्हणतात, "थोरल्याला आल्या होत्या की हिला, आता आठवत नाही गो." त्यांना स्वतःला पंधरवड्यापूर्वी कमरेवर नागीण झाली होती. ओल्या फोडांना कापसाने कॅलामाइन लावायचं काम नातवाने हौसेने घेतलं होतं. रात्री त्या विचारत होत्या, "माझ्यामुळे झालं का?" काय सांगू त्यांना? आणि नणंदेने कोणती तपासणी करावी?

प्रतिसाद (फोंडा): ताई, मी लॅबमध्ये काम करते. नणंदेला आजच गायनॅकला फोन करायला सांगा. रक्तातली व्हेरिसेला आयजीजी, म्हणजे कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडं, बघतात. संपर्कानंतर इतक्या लवकर ती पॉझिटिव्ह आली, तर संरक्षण जुनंच आहे. निगेटिव्ह आली तर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन द्यायचं का ते डॉक्टर ठरवतील, पण ते संपर्कापासून दहा दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. म्हणून थांबू नका. गरोदरपणात कांजिण्यांची लस देत नाहीत. संपर्कानंतर आठव्या दिवसापासून तिने इतर गरोदर बायकांपासून लांब राहावं. फोड यायला २१ दिवसही लागू शकतात.

नागीण आणि कांजिण्यांचा विषाणू एकच. नागिणीच्या फोडांतल्या पाण्यातून लागण होऊ शकते, दिवसही जुळतात. पण शाळेतूनही आलेली असू शकते. मुलाला ॲस्पिरिन देऊ नका.

धागाकर्ती: खूप आभार. आत्ताच बोलले, ती संध्याकाळी रक्त देतेय. सासूबाईंना दोन्ही शक्यता सांगितल्या. त्या त्याची नखं कापत बसल्यात, खाजवू नये म्हणून.