तातडीने मदत हवी आहे: ड्राऊंचं सामान उन्हात नेल्यावर काय होतं?

रातकिडा:
मंडळी, पटकन सांगा, उद्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं सेशन आहे. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, अंडरडार्क या जमिनीखालच्या भुयारी जगातून वर आली आहे. गुहेच्या तोंडाशी थांबवलंय, बाहेर भर दुपार. खाली ड्राऊंची, म्हणजे भुयारात राहणाऱ्या काळ्या एल्फांची, एक टोळी कापली आणि त्यांचं होतं नव्हतं ते पोत्यात भरलं. आता एक खेळाडू म्हणतो, उन्हात पाऊल टाकलं की सगळ्याची माती होते. दुसरा म्हणतो, असा नियमच नाही, दाखव पुस्तकात. मागचं सेशन या वादातच संपलं. होतं की नाही, एवढं एका ओळीत सांगा.

विसावा_फासा:
नियमांची कुठली आवृत्ती? आणि पोत्यात नेमकं काय आहे?

रातकिडा:
पाचवी, आणखी कुठली. पोत्यात नेहमीचंच. चिलखतं, छोट्या तलवारी, हातातले क्रॉसबो, विषाच्या कुप्या, एक झगा.

जुनं_खोंड:
तुझा पहिला खेळाडू बरोबर आहे, त्याला माझा नमस्कार सांग. १९७८ च्या मोड्यूल्समध्ये, म्हणजे छापील साहसांमध्ये, खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्सने ड्राऊ खेळात उतरवले तेव्हापासूनचं आहे हे. त्यांची शस्त्रं अ‍ॅडमंटाइटच्या मिश्रधातूची, आणि त्यांच्यातली ताकद पाताळातल्या विचित्र किरणोत्सारातून आलेली. वर आणलं, ऊन लागलं, की काही दिवसांत सगळं कुजून निकामी. यामागे डोकं होतं. तेव्हा ड्राऊंचा साधा शिपाईसुद्धा बोनसवालं सामान घालून फिरायचा. ते टिकलं असतं तर एका लढाईत अख्खी पार्टी मालामाल. ऊन म्हणजे डीएमचा, खेळ चालवणाऱ्याचा, जकातनाका होता.

विसावा_फासा:
काका, तो पाचवी खेळतोय. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या ड्राऊच्या अंगात साधा चेन शर्ट आहे आणि हातात साधी शॉर्टसोर्ड. बोनसच नाही तर जकात कशावर घेणार? पाचवीत ऊन बाधतं ते ड्राऊला, त्याच्या शर्टाला नाही. सनलाइट सेन्सिटिव्हिटी, म्हणजे उन्हात हल्ल्याच्या फाशावर आणि नजरेने करायच्या पर्सेप्शनवर (काही हेरण्यावर) डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा. बस.

रातकिडा, झगा कसला आहे? त्यावर बरंच अवलंबून आहे.

भुयारातला_बुवा:
मुळात ड्राऊ वापरूच नका असं माझं मत. जाळी विणणाऱ्या कोळ्यांची राणी, म्हणजे त्यांची देवी लॉल्थ, घराण्यांची कारस्थानं, खेळाडूंना सगळं तोंडपाठ असतं. डुएर्गार आणा, भुयारातले करडे बुटके. एकेकाळी माइंड फ्लेअर या मनावर ताबा मिळवणाऱ्या राक्षसांचे गुलाम, तिथूनच त्यांना त्या मानसिक शक्ती मिळाल्या, आणि सुटल्यावर स्वतःच दुसऱ्यांना गुलाम करायला लागले. दुष्टपणाला काही कारण आहे की नाही? वर एक तासापर्यंत अदृश्य राहतात, आणि अंगावर आले की आकाराने दुप्पट होतात. माझ्या टेबलावर डुएर्गार म्हटलं की लोक आधी पाठ भिंतीला लावतात.

रातकिडा:
लढाई होऊन गेली आहे. मेलेत ते ड्राऊ. मेलेल्यांचे डुएर्गार कसे करू?

भुयारातला_बुवा:
पुढच्या वेळेसाठी सांगितलं. शिवाय आकाराने वाढायला जातात तेव्हा अदृश्यपणा सुटतो, तेव्हा खेळाडूंवर अन्यायही होत नाही.

रातकिडा:
झगा काळा आहे, कोळ्याच्या रेशमाचा. म्होरक्याच्या अंगावर होता. एका छापील मोहिमेतून उचललाय, पिवाफवी की कायसं नाव.

विसावा_फासा:
अरे मग हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! ‘आऊट ऑफ द अ‍ॅबिस’मधला असेल तर त्याच्या वर्णनातच लिहिलंय. गुण क्लोक ऑफ एल्व्हनकाइंड या लपायला मदत करणाऱ्या जादूच्या झग्याचे, पण सलग एक तास उन्हात राहिला की जादू जाते. राख नाही, माती नाही. उरतो तो साधा काळा झगा.

म्हणजे तुझे दोन्ही खेळाडू अर्धे-अर्धे बरोबर.

काजळमाया:
विषाचं कोणी बोललंच नाही. पार्टीत एल्फ आहे का? बऱ्याच जणांना वाटतं की फे अ‍ॅन्सेस्ट्री या जन्मजात गुणामुळे एल्फला ड्राऊंच्या विषाने झोप लागत नाही. चूक आहे ते. २०१४ च्या पुस्तकातली फे अ‍ॅन्सेस्ट्री जादूच्या झोपेपासून वाचवते, हे विष जादूचं नाही. डीसी १३ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे काटकपणाचा फासा ज्यात निदान १३ व्हायला हवेत, हुकला तर तासभर पॉइझन्ड (विषबाधा), पाच किंवा जास्तने हुकला तर बेशुद्ध. इजा झाली किंवा कोणी अ‍ॅक्शन खर्चून हलवलं तरच जाग येते.

रातकिडा:
हे मी विचारलं नव्हतं. विष उन्हात खराब होतं का, ते सांग.

काजळमाया:
पाचवीत तसा नियम नाही. २०१४ च्या डीएम्स गाईडमध्ये म्हटलंय की ते साधारणपणे ड्राऊच बनवतात, आणि उन्हापासून लांबच्या जागीच. बनवायला अंधार लागतो, ठेवायला लागतो असं कुठे म्हटलेलं नाही. किंमत एका डोसला २०० सोन्याची नाणी. एवढ्या कुप्या विकायला काढल्या तर तुझी मोहीम त्या पैशांखाली गुदमरेल, त्याची काळजी कर आधी.

जुनं_खोंड:
म्हणूनच म्हणतो, कुजवा सगळं.

चांदणचकवा:
एक वेगळा मुद्दा. खाली नेऊनच पडताळून घेऊ द्या ना खेळाडूंना. कोणीतरी डेलाइट मंत्र टाकेल, झग्यावर काय होतं ते कळेल.

विसावा_फासा:
डेलाइटने काहीही होणार नाही. तो प्रखर उजेड आहे, सूर्यप्रकाश नाही. मंत्रात तसा शब्दच नाही.

चांदणचकवा:
आहे. माझ्यासमोर पुस्तक उघडं आहे. ‘सनलाइट’ असं स्पष्ट लिहिलंय.

विसावा_फासा:
कुठलं पुस्तक?

चांदणचकवा:
२०२४ चं.

विसावा_फासा:
मी २०१४ चं बोलतोय. दोघांचंही खरं आहे आणि दोघांचाही उपयोग शून्य, कारण रातकिड्याने कोणतं ते अजून सांगितलेलं नाही. ‘पाचवी’ म्हणून भागत नाही आता, तिची २०१४ ची आणि २०२४ ची पुस्तकं वेगळी आहेत. नव्या प्लेअर्स हँडबुकमधल्या ड्राऊला सनलाइट सेन्सिटिव्हिटीसुद्धा राहिलेली नाही.

रातकिडा:
थांबा. राहिलेली नाही म्हणजे? आमच्यात जो झगा घालणार आहे ते पात्र स्वतःच ड्राऊ आहे.

विसावा_फासा:
...

काजळमाया:
हे तुला सांगण्यासारखं वाटलं नाही?

रातकिडा:
प्रश्न सामानाचा होता ना. खेळाडूंची पुस्तकं २०२४ ची आहेत, मॉन्स्टर मॅन्युअल माझं जुनंच.

विसावा_फासा:
मग नीट ऐक. पात्र २०२४ च्या पुस्तकातून बनवलंय, म्हणजे त्याला स्वतःला उन्हाचा काही त्रास नाही. एकशेवीस फुटांची डार्कव्हिजन, म्हणजे अंधारातली नजर, आहे, डान्सिंग लाइट्सचा मंत्र आहे, मजेत फिरू दे त्याला. पात्र २०१४ चं असतं तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा तो स्वतः सावलीत उभा राहिला तरी समोरचं लक्ष्य उन्हात असलं की डिसअ‍ॅडव्हान्टेज लागायचा. हे लोक कायम विसरायचे. आणि तुझं मॉन्स्टर मॅन्युअल जुनं असल्यामुळे त्याचे खालचे भाऊबंद वर आले तर त्यांना मात्र ऊन लागणार. एकाच जमातीतला एक डोळे चोळतोय आणि दुसरा आरामात, याचं उत्तर तुला टेबलावर द्यावं लागेल.

कोळिष्टक:
उत्तर सोपं आहे, ‘दुष्ट जमात’ ही कल्पनाच टाकून द्या. जन्मतःच वाईट असलेली माणसं कुठल्या मोहिमेत शोभतात? १९९१ च्या पुस्तकात आयलिस्ट्री ही चांगल्या ड्राऊंची देवी आली, चंद्रप्रकाशात नाचणारी. वर राहणारे ड्राऊ तिचे, म्हणून त्यांना उन्हाची सवय. झालं.

जुनं_खोंड:
तिच्याही आधी, १९८८ च्या कादंबरीत ड्रिझ्ट हा चांगला ड्राऊ आला आणि प्रत्येक टेबलावर दोन तलवारींचा, आपल्याच लोकांना सोडून आलेला, दुःखी ड्राऊ बसायला लागला. दुष्ट जमात दुष्ट असू द्या हो. खाली उतरताना पोटात गोळा यायला हवा.

कोळिष्टक:
गोळा लॉल्थच्या पुजारणींमुळे येऊ द्या. त्यांचं राज्य, त्यांची व्यवस्था दुष्ट आहे. त्यासाठी रक्तातच दुष्टपणा कशाला?

भुयारातला_बुवा:
डुएर्गारांच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही, कारण त्यांचा इतिहासच...

रातकिडा:
कृपया. यासाठी वेगळा धागा काढा. मी असं करतोय: चिलखतं, तलवारी, क्रॉसबो तसेच राहतील. विषही राहील, पण खरेदीदार सहज मिळणार नाही. झग्याला सलग तासाचा नियम. पटतंय?

विसावा_फासा:
पटतंय. फक्त ‘सलग’ या शब्दावर तुझा दुसरा खेळाडू बोट ठेवणार. पन्नासाव्या मिनिटाला झाडाखाली जाऊन उभा राहिला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शब्दाला धरून तो बरोबरच असेल. पोत्यात बांधून ठेवला तर तासच सुरू होत नाही.

काजळमाया:
चालू दे त्याला तसं. झग्यासाठी सावल्या शोधत जाणारी पार्टी वेळ घालवते, आणि मागून माग काढणाऱ्यांना तेच हवं असतं. म्होरक्याचा झगा होता ना? त्याचं घराणं तो सोडून देणार नाही. ते रात्रीच बाहेर पडतील, तेव्हा ऊन त्यांनाही बाधणार नाही.

रातकिडा:
हे आवडलं. घराण्याचं चिन्ह झग्याच्या आतल्या बाजूला शिवलेलं आहे असं सांगतो, अजून कोणी उलटा करून बघितलेलाच नाही.

चांदणचकवा:
पण मग खाली डेलाइट टाकला तर २०२४ च्या हिशेबाने झगा जाणार, बरोबर?

विसावा_फासा:
तो मंत्र तासभर टिकतो. म्हणजे अख्खा तास झगा त्या उजेडात ठेवावा लागेल. तेवढा वेळ अंडरडार्कमध्ये दिवा लावून बसणाऱ्यांना झग्याची चिंता करायची वेळच येणार नाही.